आई की लढाई? अस्तित्ववादी नीतीचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, तेव्हा एक विद्यार्थी आपल्या शिक्षकाकडे सल्ला मागायला गेला. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेलेला. वडिलांचा कल जर्मनांशी जुळवून घेण्याकडे, त्यावरून आईशी बेबनाव. आईला आता या धाकट्याचाच काय तो आधार. त्याला मात्र इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हायचं होतं. गेला तर आई खचणार हे नक्की होतं. गेल्यावर लढायला मिळेल हे मात्र नक्की नव्हतं. वाट स्पेनमधून जाणारी, तिथल्या छावणीतच अडकून पडण्याचा धोका. पोचलाच तरी लंडनच्या किंवा अल्जीयर्सच्या एखाद्या कचेरीत कागद भरायला बसवतील. एकीकडे एकाच माणसासाठीचं पण हमखास उपयोगी पडणारं काम, दुसरीकडे साऱ्या देशासाठीचं पण वाया जाऊ शकणारं.

शिक्षक होते फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या ‘क्लब मँतनाँ’च्या जाहीर व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग सांगितला आणि त्याला दिलेलं उत्तरही: तू स्वतंत्र आहेस, तेव्हा निवड, म्हणजेच तुझा मार्ग तूच घडव. ऐकणाऱ्याला वाटेल, सल्ला मागणाऱ्याची ही निव्वळ बोळवण झाली. पण सार्त्रने त्याआधी एकेक आधार तपासून बाजूला ठेवला होता, आणि अस्तित्ववादी नीती समजून घ्यायची तर ती तपासणी उत्तराहून मोलाची आहे.

आधी नियम घ्या. शेजाऱ्यावर प्रेम कर, असं ख्रिस्ती धर्म सांगतो. पण यातलं शेजारी कोण, आई की खंदकातला सैनिक? जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो, कोणत्याही माणसाला नुसतं साधन समजू नका. आईजवळ राहिलो तर ती साध्य ठरते, पण माझ्या वाटणीचं लढणारे साधन होतात. लढायला गेलो तर नेमकं उलटं. नियम खोटे नाहीत. ते इतके रुंद आहेत की दोन्ही वाटा त्यांत मावतात.

मग मन सांगेल तसं वागावं? विद्यार्थ्याचं म्हणणं अखेर हेच होतं. सार्त्रचा आक्षेप असा की भावनेचं वजन करायचा तराजू आपल्याकडे नसतो. ‘आईवर माझं इतकं प्रेम आहे की मी सगळं सोडून राहीन’ हे वाक्य खरं की खोटं, ते प्रत्यक्ष राहिल्यावरच कळतं. कृती ठरवायला भावनेचा आधार घ्यावा, तर भावनेला पुरावा म्हणून कृतीच हवी.

मग कुणाला तरी विचारावं. पाद्र्यांना? त्यांच्यात जर्मनांशी हातमिळवणी केलेले होते, छुपा प्रतिकार करणारे होते आणि वारा कुठे वाहतो ते बघत बसलेलेही होते. दार कुणाचं ठोठवायचं हे ठरवलं, की सल्ला काय मिळणार हे निम्मं ठरून जातं. नोकरी सोडायचं मनात असलं की आपण सोडून सुखी झालेल्या मित्राला फोन लावतो, पेन्शनीतल्या काकांना नाही.

शेवटी राहतात संकेत. सार्त्रला जर्मनांच्या कैदेत एक जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातला धर्मगुरू, भेटला होता. लहानपणी वडील गेले, गरिबी आली, पुढे प्रेम फसलं, लष्करी परीक्षेत नापास झाला. या सगळ्या अपयशांतून देव आपल्याला बोलावतोय असा अर्थ त्याने लावला. त्याच अपयशांतून तो सुतार व्हायलाही शिकू शकला असता किंवा क्रांतिकारक व्हायलाही, असं सार्त्र म्हणतो. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. कौल उजवा की डावा हे पाकळी सांगते, पण देवापुढे कोणता प्रश्न ठेवायचा आणि मिळालेल्या कौलाचं पुढे काय करायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

पदरी पडलं, पण पवित्र झालं का?

या तपासणीमागचं सूत्र प्रसिद्ध आहे: अस्तित्व आधी, सत्त्व नंतर. कागद कापायची सुरी बनवण्याआधी कारागिराच्या डोक्यात तिचा उपयोग ठरलेला असतो. माणसाचं तसं नाही. तो आधी असतो, आणि काय व्हायचं ते करत करत होतो.

इथून दोन गैरसमज निघतात. पहिला, की माणूस वाटेल ते करू शकतो. सार्त्र असं म्हणत नाही. जन्म कुठे झाला, कोणती भाषा मिळाली, शरीर कसं, काल काय करून बसलो, देशावर कुणी चाल केली, हे सगळं दिलेलं असतं आणि नाकारता येत नाही. आपल्याकडे म्हणतात, पदरी पडलं आणि पवित्र झालं. अस्तित्ववाद्याला या म्हणीचा पूर्वार्ध मान्य आहे. पदरी पडतं, खरंच पडतं. उत्तरार्धाला मात्र तो हरकत घेतो: ते आपोआप पवित्र होत नाही, आपण त्याला पवित्र मानायचं ठरवतो. स्वातंत्र्य म्हणजे पडलेल्या पत्त्यांतून खेळणं.

यातूनच सार्त्रची आत्मवंचनेची कल्पना येते, आणि ती दोन दिशांनी होते हे बरेचदा निसटतं. एक दिशा सर्वांच्या ओळखीची: ‘मी काय करणार, वरून आदेश आहेत’, ‘माझा स्वभावच तापट’. इथे माणूस स्वतःला वस्तू समजून मोकळा होतो. ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या १९४३ च्या ग्रंथात सार्त्रने कॅफेतल्या वेटरचं उदाहरण दिलंय: त्याची चाल जरा जास्तच चपळ, वाकणं जरा जास्तच अदबशीर, वेटर असणं हेच आपलं सत्त्व आहे, असं नाटक तो वठवतो. दुसरी दिशा उलटी: जे केलंय तेच नाकारायचं. वर्षानुवर्षं भित्रेपणाने वागून ‘आतून मी शूर आहे, संधी मिळाली नाही’ म्हणायचं. पहिल्यात स्वातंत्र्य झाकलं जातं, दुसऱ्यात वस्तुस्थिती.

दुसरा गैरसमज जास्त पसरलेला आहे. मराठीत ‘अस्तित्ववादी’ म्हटलं की साठच्या दशकातला उदास, तुटलेला नायक डोळ्यांसमोर येतो. त्याला कशाचंच काही वाटत नाही, म्हणून काहीही चालतं. देव नसेल तर सगळं चालतं, हा दस्तयेव्हस्कीच्या नावावर सांगितला जाणारा विचार सार्त्रने आरंभबिंदू म्हणून घेतला खरा. पण त्याची सहचरी आणि स्वतः तत्त्वज्ञ असलेल्या सिमोन द बोव्हुआरने तो १९४७ च्या आपल्या ‘द एथिक्स ऑफ अँबिग्युइटी’ (संदिग्धतेची नीती) या पुस्तकात चक्क उलटा फिरवला. देव असेल तर तो क्षमा करू शकतो, चूक पुसू शकतो, भरपाई देऊ शकतो. देव नसेल तर माणसाच्या चुकांना प्रायश्चित्तच उरत नाही. म्हणजे सूट मिळत नाही, उलट माफीची सोय जाते.

सार्त्रच्या व्याख्यानातलं भोक

निवड स्वतः करायची, इथवर ठीक. पण एखाद्याने पूर्ण शुद्धीत, जबाबदारी घेऊन, छळछावणीचा पहारेकरी व्हायचं निवडलं तर? व्याख्यानात सार्त्रचं उत्तर असं की मी निवडतो तेव्हा सर्व मानवजातीसाठी निवडतो, कारण माणसाने कसं असावं याचं एक चित्र मी पुढे ठेवत असतो. हे घाईचं उत्तर आहे. ज्या कांटला विद्यार्थ्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरवलं, तोच मागच्या दाराने आत आला. १९४३ च्या ग्रंथाच्या शेवटी सार्त्रने नीतिशास्त्रावर स्वतंत्र पुस्तक देण्याचं कबूल केलं होतं. १९४७-४८ मध्ये त्याने वह्या भरल्या, पण पुस्तक काही झालं नाही. त्या वह्या त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये छापल्या गेल्या.

भोक बुजवायचा खरा प्रयत्न बोव्हुआरचा आहे. तिला सार्त्रची सावली समजून वाचणाऱ्यांना या विषयातला अर्धा माल मिळतच नाही.

तिचा युक्तिवाद तीन टप्प्यांत मांडता येतो. पहिला: जगात मोल येतं ते कुणाला तरी काहीतरी हवं असतं म्हणून. चढणारा नसेल तर डोंगर अवघडही नाही आणि सोपाही नाही. दुसरा: म्हणजे मी जे काही मोलाचं मानतो, त्याचा उगम माणसाच्या स्वातंत्र्यात आहे. ध्येय हवं आणि स्वातंत्र्य नको, हे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणं झालं. तिसरा: माझं कोणतंही काम माझ्या एकट्याच्या बळावर तगत नाही. पुस्तकाला वाचक लागतो, शोधाला तो पुढे नेणारा. प्रेम तर समोरच्याने आपखुशीने दिलं तरच प्रेम. गुलामाने केलेल्या स्तुतीला किंमत नसते, कारण निंदा करायची त्याला मुभाच नसते. म्हणून माझं स्वातंत्र्य मला खरोखर हवं असेल, तर इतरांचंही हवं असावं लागतं. त्या पहारेकऱ्याची निवड इथे अडकते. ती मनापासूनची असेलही, पण निवडणं ज्यामुळे शक्य होतं तेच ती इतरांत मोडून टाकते.

तिसऱ्या टप्प्यात एक उडी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझ्या कामाला काही स्वतंत्र माणसं लागतात, यावरून सगळीच माणसं स्वतंत्र हवीत हे तर्काने थेट निघत नाही. एखाद्या हुकूमशहाला आपल्या बरोबरीचे चारजण पुरतील. बोव्हुआर म्हणते की दडपशाही मानवजातीचे दोन तुकडे करते: एक गट उद्याचं जग घडवणारा, दुसरा नुसता आजचा दिवस ढकलणारा. ज्यांना ढकलत ठेवलंय त्यांना वस्तू मानल्याशिवाय हे टिकत नाही, आणि ही खोटी समजूत रोज नव्याने करून घ्यावी लागते. उत्तर वजनदार आहे, पण बिनतोड नाही.

तिचा ‘संदिग्धता’ हा शब्दही इथेच नीट समजून घ्यावा. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने १९४२ मध्ये जगणं निरर्थक आहे असं मांडलं होतं. बोव्हुआर फरक करते: जगणं निरर्थक म्हटलं तर त्याला अर्थ मिळूच शकत नाही, संदिग्ध म्हटलं तर अर्थ कायमचा ठरलेला नाही, तो पुन्हा पुन्हा कमवावा लागतो. पगारासारखा. गेल्या महिन्याचा या महिन्यात चालत नाही.

चुका कशा होतात

बोव्हुआरने स्वातंत्र्यापासून पळणाऱ्यांचे प्रकार सांगितले आहेत. काहीच अंगाला लावून न घेणारा, सगळं फोल म्हणून झटकणारा, धाडसाच्या नशेत इतरांना पायाखाली घेणारा, एकाच वस्तूच्या किंवा व्यक्तीच्या ध्यासात बाकी जग विसरणारा. हे चौघे पटकन ओळखू येतात. खरा धोकादायक पाचवा, ज्याला ती ‘गंभीर माणूस’ म्हणते. तो सद्गृहस्थ असतो, कष्टाळू असतो. त्याने एक ध्येय निवडलेलं असतं आणि आपण ते निवडलंय हेच तो विसरलेला असतो. तिचं उदाहरण वसाहतीतल्या प्रशासकाचं आहे. रस्ता बांधणं चांगलंच. पण रस्ता माणसांसाठी आहे हे विसरून त्याने रस्त्याचीच मूर्ती केली, की त्या मूर्तीपुढे कितीही स्थानिक माणसांचा बळी द्यायला तो कचरत नाही. रस्त्याच्या जागी पक्ष, कंपनीचं टार्गेट, घराण्याची अब्रू, असं काहीही घालून बघा.

पण ज्याला दार दिसतच नाही आणि ज्याला दिसतं पण उघडायचं नाही, यांत ती काटेकोर फरक करते. ज्या गुलामाला मुक्तीची शक्यता कधी दाखवलीच गेली नाही, त्याला आत्मवंचक म्हणता येत नाही. शक्यता दिसल्यानंतर तिच्याकडे पाठ फिरवली, तर तो दोष. या विचारसरणीचा सगळ्यात वाईट गैरवापर नेमका हा फरक बुजवून होतो: खाऊनपिऊन सुखी माणूस दुसऱ्याच्या नाइलाजाला ‘तुझीच निवड’ म्हणून मोकळा होतो.

मग निर्णय घ्यायचा कसा?

नीती पाककृती पुरवत नाही, विज्ञान आणि कलाही पुरवत नाहीत. फार तर पद्धती सुचवता येतात, असं बोव्हुआरने स्पष्ट लिहिलंय. त्या पद्धतीची रोजच्या वापरातली रूपं अशी.

गावी एकटी आई आणि परदेशातली नोकरी, हा पेच मराठी घरांत आता नवा नाही. आधी आपल्या बोलण्यातली ‘लागतं’ने संपणारी वाक्यं कागदावर उतरवा: जावंच लागतं, थांबावंच लागतं. प्रत्येकाच्या जागी ‘मी ठरवतो’ घालून पुन्हा वाचा. व्हिसाची मुदत, कर्जाचा हप्ता, आईचं डायलिसिस अशी काही वाक्यं बदलायला नकार देतील. ती पदरी पडलेली. बरीचशी मात्र निमूट बदलतात, आणि वाचताना अस्वस्थ वाटतं. ती अस्वस्थता हे काम नीट चालल्याचं लक्षण आहे.

नंतर प्रत्येक वाटेने कुणाची दारं उघडतात आणि कुणाची बंद होतात, ते माणसांच्या नावांनिशी लिहा. ‘कुटुंब’, ‘समाज’, ‘पुढची पिढी’ हे शब्द इथे चालत नाहीत, कारण गंभीर माणूस अशाच शब्दांमागे लपतो. त्या यादीत आईचंही स्वतःचं म्हणणं हवं. तिच्या वतीने त्याग ठरवून टाकणं किंवा तिच्यासाठी म्हणून आपण त्याग करून तो तिच्या डोक्यावर ठेवणं, दोन्हींत तिला वस्तू केलं जातं.

साधनाकडे बघा. ध्येय चांगलं म्हणून साधनाला माफी मिळते, असा हिशेब इथे नाही, कारण साधन ध्येयाच्या आत शिरतं. माणसांच्या मुक्तीसाठी उभारलेली चळवळ आपल्याच माणसांची तोंडं दाबत असेल, तर मुक्ती आली तरी ती तशीच तोंड दाबलेली येणार. मात्र हिंसेला बोव्हुआर सरसकट नकार देत नाही. अत्याचारी स्वतःहून थांबत नसेल तर त्याच्याविरुद्ध बळ वापरावं लागेल, असं ती मानते. तिची अट एवढीच की अशा वेळी ‘इतिहासाची गरज’ म्हणून हात धुवायचे नाहीत. गेलेला माणूस गेला, तो कुठल्याच जमाखर्चात वळता होत नाही.

आणि अनिश्चितता. पूर्ण माहिती हाती आल्यावर ठरवू, असं म्हणत राहिलं तर दिवसच ठरवून टाकतात. न निवडणं हीही निवडच. तेव्हा निर्णय हा डाव आहे हे मान्य करून खेळावा आणि त्याच वेळी लिहून ठेवावं: काय दिसलं तर माझं चुकलं असं मी मानीन, आणि पुन्हा कधी बघेन. सहा महिने, एक वर्ष. हे न करता ‘मी मनाचा कौल ऐकला’ म्हणणं म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला स्वतःच स्वतःला देणं.

तोच पेच, बारा वर्षांनी

सार्त्रच्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुढे तत्त्वज्ञांच्याच दारात आला. फ्रान्सविरुद्ध अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध १९५४ मध्ये सुरू झालं. काम्यू अल्जीरियात जन्मलेला. आई अल्जीयर्सच्या कामगार वस्तीत राहत होती. जानेवारी १९५६ मध्ये त्याने तिथे जाऊन, निदान सामान्य नागरिकांना तरी दोन्ही बाजूंनी मारू नका, असं आवाहन केलं. ते कुणी ऐकलं नाही. डिसेंबर १९५७ मध्ये नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेला असता एका अल्जीरियन तरुणाने त्याला जाब विचारला. काम्यूचं उत्तर असं होतं: अल्जीयर्सच्या ट्राममध्ये बॉम्ब ठेवले जाताहेत, त्यातल्या एखाद्या ट्राममध्ये माझी आई असू शकते, याला न्याय म्हणत असाल, तर मला आई जास्त प्रिय आहे. फ्रेंच डाव्यांनी त्याला धारेवर धरलं. टीकाकारांनी पुष्कळदा या उत्तरातला बॉम्ब गाळून नुसती ‘न्यायापेक्षा आई’ एवढंच उचललं, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे. पण उत्तरात एक नाव कमी होतं, हेही खरं: अल्जीरियातल्या ज्या आयांची मुलं फ्रेंच सैन्य उचलून नेत होतं, त्यांचं.

बोव्हुआरने ते नाव घेतलं. फेब्रुवारी १९६० मध्ये जमीला बुपाशा या तरुणीला अल्जीयर्समध्ये बॉम्ब ठेवल्याच्या आरोपावरून पकडण्यात आलं. तो बॉम्ब फुटलाच नव्हता. कोठडीत तिचा छळ आणि बलात्कार झाला, आणि त्याच छळातून कबुलीजबाब काढला गेला. वकील झिझेल हालिमी यांच्या सांगण्यावरून बोव्हुआरने जून १९६० मध्ये ‘ल मोंद’मध्ये लेख लिहिला, तो अंक अल्जीयर्समध्ये जप्त झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, या युद्धात लढायला नकार देणाऱ्यांच्या बाजूने १२१ जणांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर तिची आणि सार्त्रची सही होती. १९६१ आणि १९६२ मध्ये सार्त्रच्या घरावर बॉम्बहल्ले झाले.

या सगळ्यातून बोव्हुआर आपल्या जुन्या पुस्तकावरच नाराज झाली. १९६३ मध्ये तिने लिहिलं की आपल्या सगळ्या पुस्तकांत आज सर्वांत जास्त चीड येते ती त्या नीतीच्या पुस्तकाची. समाजाचा संदर्भ सोडून नीती सांगता येईल असं समजणं ही चूक होती. तिने स्वतःला जरा जास्तच झोडपलं असं मला वाटतं, कारण चूक दुरुस्त करायचं सामान त्याच पुस्तकात आहे, आणि १९४९ च्या ‘द सेकंड सेक्स’मध्ये ते तिने वापरलंही. ते करुणा गोखले यांच्या अनुवादामुळे मराठीत वाचता येतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सार्त्रचं व्याख्यान एका बैठकीत संपवावं आणि मग बोव्हुआरकडे वळावं. सार्त्रच्या जाडजूड ग्रंथापासून सुरुवात करणारे बहुतेक पहिल्या शंभर पानांत गळतात.

मार्च १९६२ मध्ये युद्ध थांबलं आणि सर्वसाधारण माफी जाहीर झाली. बुपाशा सुटली. तिने आपला छळ करणाऱ्यांविरुद्ध फिर्याद दिली होती आणि काहींना ओळखलंही होतं. माफी त्यांनाही लागू होती. तो खटला कधी उभाच राहिला नाही.